बटणांचा फोन आणि दोन नंबर: नाशिकमधल्या एका करसल्लागाराचं प्रकरण

पुढचं प्रकरण कोणा एका माणसाचं नाही. बटणांचा फोन मागणाऱ्यांच्या अडचणी ज्या रूपात पुन्हा पुन्हा समोर येतात, त्या इथे एका माणसाच्या जागी एकत्र मांडल्या आहेत. फोनचे तपशील, सेटिंग्ज आणि नियम मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत.

परिस्थिती

नाशिकमधले करसल्लागार, वय चोपन्न. मोबाईल नंबर एकच आणि तोही पंधरा वर्षांहून जुना. बँक, आधार, पॅन, घरचे, गावाकडचे नातेवाईक आणि दीडेकशे क्लायंट सगळे त्याच नंबरवर. व्हॉट्सअ‍ॅपचे गट चाळीसच्या वर. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरायची, त्यामुळे त्या आठवड्यांत रात्री अकरालाही बिलांचे फोटो येत राहतात. दिवसभरात बरेच मेल इंग्रजीत लिहावे लागतात, तेही कचेरी आणि क्लायंटकडच्या फेऱ्यांच्या मधल्या वेळात. टचस्क्रीनवर जीएसटी क्रमांक टाकताना एखादं अक्षर हमखास चुकतं.

मागणी अशी: पूर्वीच्या ब्लॅकबेरीसारखा फोन सुचवा, म्हणजे मेलची उत्तरं पटापट जातील आणि व्हॉट्सअ‍ॅपचा ससेमिरा संपेल.

ही खरं तर दोन वेगळी कामं आहेत. पहिलं, मेलचं काम नव्या फोनने होतं. दुसऱ्याचा बटणांशी काही संबंध नाही, कारण चाळीस गट नव्या फोनवरही चाळीसच राहतात, उलट पडदा लहान असल्याने ते जास्त टोचतात. म्हणून दुसरं काम आधी हातात घ्यायचं आणि तेही जुन्याच फोनवर. बटणांचे फोन घेऊन महिन्याभरात कपाटात टाकणाऱ्यांचं बहुतेक वेळा हा क्रम उलटा केल्यानेच बिनसतं.

आठवड्याची वही

फोन शोधायला लागण्याआधी सोमवार ते रविवार एक साधी नोंद ठेवायची: निरोप कोणाचा, कुठल्या वाटेने आला आणि त्याला त्याच दिवशी उत्तर हवं होतं का. करसल्लागाराला खतावणीची सवय असतेच, त्यामुळे हे जड जात नाही. साधारण तीन गठ्ठे पडतात. एक, घरचे आणि जवळचे, ज्यांचा फोन कधीही उचलायचाच. दोन, क्लायंट, ज्यांना उत्तर हवं असतं पण कामाच्या वेळेत चालतं. तीन, बाकी सारं: गटांतले सुप्रभात, जाहिराती, कर्ज हवं का विचारणारे.

तिसरा गठ्ठा सगळ्यात मोठा आणि आवरायला सगळ्यात सोपा. १९०९ वर ‘स्टार्ट ०’ हा एसएमएस इंग्रजी अक्षरांत पाठवला की नोंदणीकृत जाहिरातदारांचे सगळे प्रकार बंद होतात. बँकेचे व्यवहाराचे संदेश आणि ओटीपी याने अडत नाहीत, त्यामुळे ती धास्ती नको. २०२५ पासून एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षर येतं: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. ते पाहायची सवय लावली की निम्मे संदेश न उघडताच पुसता येतात. १४० ने सुरू होणारे फोन जाहिरातीचे, १६०० ने सुरू होणारे बँका-विमा कंपन्यांच्या सेवेचे.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये तीन गोष्टी कराव्यात. गोपनीयतेच्या भागात ‘गटात कोण जोडू शकतं’ इथे ‘माझे संपर्क’ निवडावं आणि काही ठरावीक संपर्क त्यातूनही वगळावेत. ज्या गटांत बोलायचं नसतं पण संबंधामुळे राहावं लागतं (भावकी, सोसायटी, दहावीची बॅच), ते संग्रहात टाकावेत आणि ‘संग्रहित चॅट तिथेच ठेवा’ हा पर्याय चालू ठेवावा. मग तिथून सूचना येते ती फक्त कोणी नाव घेऊन हाक मारली किंवा तुमच्या संदेशाला उत्तर दिलं तरच. अनोळखी नंबरांचे व्हॉट्सअ‍ॅप कॉल मूक करायची सोय २०२३ पासून आहे, तीही लावावी. गट सोडला तर सूचना आता फक्त प्रशासकाला जाते. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून जे गट धरून ठेवलेले असतात, त्यातले बरेच या एका माहितीवर सुटतात.

दुसरा नंबर कोणाला द्यायचा

क्लायंट आणि घर एकाच नंबरवर असणं हे या प्रकरणातलं मूळ दुखणं. इथे पहिला विचार येतो तो नवा नंबर घरच्यांना देऊन जुना क्लायंटसाठी ठेवण्याचा. तो चुकीचा, आणि कारण व्यवहारी आहे. जुन्या नंबराला बँक, आधार आणि आयकर खातं जोडलेलं आहे, म्हणून तो फोन कायम खिशात ठेवावाच लागतो. क्लायंटही त्याच्यासोबत खिशात राहतात.

म्हणून उलट करावं. जुना नंबर आपल्या अंगावर ठेवावा आणि कामासाठी नवा नंबर घ्यावा. नव्या नंबरावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस सुरू करावं. त्यात कामाची वेळ, त्या वेळेबाहेर आपोआप जाणारा संदेश आणि पन्नासपर्यंत तयार उत्तरं ठेवता येतात. ‘विक्रीची बिलं पीडीएफमध्ये ७ तारखेपर्यंत पाठवा’ हे वाक्य महिन्यातून शंभर वेळा लिहायचं थांबतं. हा नंबर सध्याच्याच टचस्क्रीन फोनमध्ये घालून तो फोन कचेरीच्या टेबलावर ठेवायचा आणि संगणकाला जोडायचा. बिलांचे फोटो शेवटी संगणकावरच लागतात.

क्लायंटना कळवताना एक खाचखळगा आहे. व्हॉट्सअ‍ॅपची प्रसारण यादी एका वेळी २५६ जण घेते, पण ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलेला असतो, त्यांनाच तो संदेश पोचतो. नव्या नंबरावरून कळवलं तर तो कोणाकडेच जतन नसतो, त्यामुळे यादी पाठवूनही संदेश हवेत जातो. सूचना जुन्या नंबरावरूनच पाठवायची, सोबत नव्या नंबराचं संपर्क-कार्ड जोडायचं. त्यानंतरही जुन्या नंबरावर बिलं येत राहतील. तिथे काम सुरू न करता एकच ठरलेलं उत्तर द्यावं: ‘कृपया कामाच्या नंबरावर पाठवा.’ एकदा जरी जुन्या नंबरावरच्या फोटोवरून रिटर्न भरलं, तर तो क्लायंट पुढच्या महिन्यातही तिथेच पाठवणार.

कुठला फोन

इथपर्यंत आल्यावर खिशातल्या फोनकडून काय हवं ते स्पष्ट होतं: कॉल, ओटीपी, यूपीआय, घरचं व्हॉट्सअ‍ॅप आणि इंग्रजी मेल. या कसोटीवर बाजारातले पर्याय भराभर गळतात.

जुने खरे ब्लॅकबेरी, म्हणजे क्यू१०, पासपोर्ट, क्लासिक, आता विसरावेत. ४ जानेवारी २०२२ ला कंपनीने त्या प्रणालींच्या सेवा बंद केल्या. त्यानंतर त्यांवर कॉल, डेटा आणि एसएमएस भरवशाने चालतील याची हमी उरलेली नाही. वस्तू म्हणून ते सुंदर आहेत आणि त्यांच्या बटणांची सर आजही कशाला नाही, पण ओटीपीसाठी त्यांच्यावर विसंबता येत नाही.

अँड्रॉइडवरचा ब्लॅकबेरी की२ जास्त मोह घालतो. २०१८ मध्ये भारतात तो ४२,९९० रुपयांना आला होता, आज सेकंड हँड बाजारात मिळतो. ६ जीबी रॅम, साडेचार इंची पडदा, ३५०० एमएएचची बॅटरी, स्पेस बारमध्येच बोटाचा ठसा आणि २६ अक्षरांना आखूड व लांब दाबावर मिळून ५२ शॉर्टकट. आकड्यांची मांडणीही शहाणी आहे: डब्ल्यू-ई-आर वर १-२-३, एस-डी-एफ वर ४-५-६, झेड-एक्स-सी वर ७-८-९, शून्याला वेगळं बटण. जीएसटी क्रमांकात १५ जागा असतात: राज्याचे दोन आकडे (महाराष्ट्राचे २७), दहा अक्षरांचा पॅन आणि शेवटी तीन. पॅनमध्येही पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. शिफ्ट आणि ऑल्ट दोनदा दाबून कुलूपबंद करता येतात, त्यामुळे ही अदलाबदल न पाहता जमते. पण हा फोन अँड्रॉइड ८.१ च्या पुढे गेलाच नाही आणि सुरक्षा अपडेट केव्हाच थांबले. हे फोन बनवणाऱ्या टीसीएलने ब्लॅकबेरी फोनची विक्री ऑगस्ट २०२० अखेर बंद केली. ज्या कंपनीने पुढे ५जी ब्लॅकबेरी काढायचं जाहीर केलं होतं, ती २०२२ मध्ये बंद पडली. फक्त मेल आणि टिपणांसाठी, सिमशिवाय, की२ घ्यायला हरकत नाही. दुसऱ्यांच्या कराची कागदपत्रं ज्याच्या मेलमध्ये आहेत त्याने तेही टाळावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जिओफोन २ ला २०१८ मध्ये २,९९९ रुपयांत पूर्ण अक्षरांची बटणं होती, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. पण त्यात जिओचंच सिम चालतं आणि त्याच्या कायओएस प्रणालीवरचं व्हॉट्सअ‍ॅपही संपलं आहे. साधा आकडी कीपॅडचा ४जी फोन कॉलसाठी उत्तम, आणि इंटरनेटशिवाय चालणाऱ्या यूपीआय १२३पे मुळे त्यावरून पैसेही जातात, पण त्यावर मेल लिहिणं म्हणजे शिक्षा. क्लिक्सचा कीबोर्ड-कव्हर हा पर्याय २०२४ मध्ये आयफोनसाठी आला आणि पुढच्या वर्षी काही ठरावीक अँड्रॉइड फोनांसाठी. तुमचं मॉडेल त्या यादीत असेल तर सगळ्यात कमी उलथापालथ यातच, फक्त फोन लांबट होतो आणि वरून जड वाटतो. ई-इंक, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याचा मिनिमल फोन वाचायला डोळ्यांना सुखाचा, पण क्यूआर कोड स्कॅन करताना कॅमेऱ्याचं चित्र त्या पडद्यावर अडखळत दिसतं. दिवसातून चार वेळा यूपीआय करणाऱ्याला ते टोचेल.

राहतो युनिहर्ट्झचा टायटन २. २०२५ मध्ये आला, अँड्रॉइड १५, १२ जीबी रॅम, ५१२ जीबी साठवण, ५०५० एमएएच, साडेचार इंची चौकोनी पडदा, घडण जुन्या ब्लॅकबेरी पासपोर्टच्या धर्तीची. रुंद आहे, शर्टाच्या खिशात बसतो पण जाणवतो. चौकोनी पडद्यावर आडवी कोष्टकं आणि मेल छान दिसतात. उभे व्हिडिओ मात्र इवलेसे होतात, आणि या माणसाच्या बाबतीत ते फायद्याचंच. या प्रकरणात निवड याच फोनवर येते.

निवड झाली म्हणजे प्रश्न संपले असं नाही. हा फोन बाहेरून मागवावा लागतो. जाहिरातीतल्या किमतीवर सीमाशुल्क आणि जीएसटी चढतो, आणि कीबोर्ड बिघडला तर नाशिकमध्येच काय, मुंबईतही सुटा भाग सहज मिळत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनना लागू असलेले नियमही बाहेरून आलेल्या फोनमध्ये पाळलेले असतीलच असं नाही. उदाहरणार्थ पॉवरचं बटण तीनदा दाबून ११२ ला जाणारा संकटकाळचा कॉल. तो आहे का पाहावं, नसेल तर ११२ चं सरकारी अ‍ॅप टाकावं.

सगळ्यात मोठी अट नेटवर्कची. जिओकडे २जी-३जी नाहीच, त्यामुळे व्हीओएलटीई (४जीवरूनच होणारा कॉल) चाललं नाही तर कॉलच होत नाही, नुसतं इंटरनेट चालतं. एअरटेल आणि व्हीआयवर कॉल २जीवर उतरतो, पण मग बोलताना डेटा थांबतो. पैसे भरण्याआधी फोनच्या तपशिलात बँड (फोन पकडू शकतो ते लहरींचे पट्टे) पाहावेत: जिओसाठी ३, ५ आणि ४०, एअरटेलसाठी १, ३, ८ आणि ४०. बँड ५ आणि ८ हे कमी वारंवारतेचे, म्हणून भिंतीआड पोचणारे. ते नसतील तर रस्त्यावर रेंज पूर्ण आणि तळमजल्याच्या कचेरीत शून्य. ५जी साठी एन७८, जिओवर एन२८ सुद्धा. फोन हातात आल्यावर *#*#४६३६#*#* डायल करून फोनच्या माहितीत आयएमएसची स्थिती पाहावी. ‘नोंदणी झाली’ असं दिसलं की व्हीओएलटीईचा प्रश्न मिटला.

सेकंड हँड घेणाऱ्याने आणखी एक करावं. इंग्रजीत केवायएम, जागा सोडून १५ आकडी आयएमईआय, असा एसएमएस १४४२२ वर पाठवावा. चोरीचा म्हणून अडवलेला फोन असेल तर तिथेच कळतं. मग टिपणवहीत प्रत्येक बटण पाच-पाच वेळा दाबावं. एखादं अक्षर दोनदा उमटत असेल तर बटणाखालच्या घुमटात मळ आहे किंवा तो झिजला आहे. मळ फोन बंद करून, धागे न सुटणाऱ्या कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन निघतो. झीज निघत नाही. मागचं झाकण किंचित फुगलेलं दिसलं तर बॅटरी सुजली आहे, सौदा तिथेच थांबवावा.

मराठी लिहायचं कसं

याबद्दल विक्रेते काही सांगत नाहीत. या फोनांच्या बटणांवर देवनागरी छापलेली नसते, आणि अँड्रॉइडमध्ये भौतिक बटणांवरून देवनागरी लिहिणं हे स्क्रीनवरच्या कीबोर्डइतकं सुरळीत नाही. बाहेरून आलेल्या फोनसाठी हे जास्तच खरं. भारतात विकायच्या फोनना आयएस १६३३३ भाग ३ या २०१६ च्या मानकाप्रमाणे सगळ्या २२ भाषा दाखवणं आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत लिहू देणं बंधनकारक आहे. परदेशी बाजारासाठी केलेल्या फोनवर ते बंधन नाही.

तीन वाटा आहेत. पहिली, गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्डमध्ये मराठी जोडून सेटिंग्जमधल्या भौतिक कीबोर्डच्या पानावर ‘स्क्रीनवरचा कीबोर्ड दाखवा’ चालू करायचं. तो चौकोनी पडद्याचा निम्मा भाग खातो, पण चार ओळींचा निरोप लिहिता येतो. दुसरी, बोलून लिहिणं. गूगलने मराठीसाठी ही सोय २०१७ मध्ये दिली. शांत खोलीत ती चांगली चालते, पण आकडे आणि आडनावं तपासूनच पाठवावीत. तिसरी, लांब मराठी मजकूर संगणकावर इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीत लिहून व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून पाठवणं. या माणसाचे मेल इंग्रजीत आहेत आणि क्लायंटशी मराठी बहुधा रोमन लिपीतच चालते, म्हणून बटणं उपयोगी. ज्याचं निम्म्याहून जास्त लिखाण देवनागरीत आहे, त्याने बटणांचा फोन घेऊ नये. खरेदीच्या दिवशी जीव हरखतो आणि पंधरवड्याने लिहिणंच कमी होतं.

घरच्यांना एसएमएसवर वळवायचा विचार असेल तर हिशोब माहीत असावा. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा, मराठी ७० चा. लांब मजकुराचे तुकडे झाले की मराठीत प्रत्येकी ६७. मोजणी प्रत्येक चिन्हाची होते: ‘श्री’ मध्ये श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी मिळून चार. म्हणजे २०० चिन्हांचा मराठी निरोप तीन एसएमएस खातो, आणि रिचार्जमधले रोजचे १०० याच तुकड्यांनी मोजले जातात.

बदलाचा दिवस

महिन्याच्या २१ ते २५ तारखेमधला दिवस निवडावा, कारण २० च्या आत काही अडलं तर दंड क्लायंटला बसतो. आधी दोन-टप्पी पडताळणीची अ‍ॅप नव्या फोनवर न्यावीत, जुना फोन चालू असतानाच. मग क्यूआर कोडने व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पा हलवाव्यात. मग सिम हलवावं. सिम नॅनो आकाराचं नसेल आणि कंपनीकडून बदलून घेतलं, तर नव्या सिमवर २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे एकही ओटीपी येत नाही. म्हणून सिम बदलायचंच असेल तर ते शनिवारी उरकावं.

यूपीआय शेवटी. नोंदणीच्या वेळी अ‍ॅप त्याच सिमवरून एक एसएमएस पाठवतं, तेव्हा रिचार्जमध्ये एसएमएस शिल्लक हवेत आणि दोन सिम असतील तर योग्य सिम निवडलेलं हवं. बहुतेक नोंदण्या इथेच अडकतात. नव्या फोनवर पहिले २४ तास ५,००० रुपयांची मर्यादा असते, त्यामुळे त्या दिवशी मोठी देणी ठेवू नयेत. चौकोनी पडद्यावर ‘पैसे द्या’ हे बटण पडद्याखाली गेलं तर अ‍ॅप बिघडलेलं नसतं. सेटिंग्जमध्ये डिस्प्लेचा आणि अक्षरांचा आकार एकेक पायरी कमी केला की ते वर येतं. बँकेचं अ‍ॅप नव्या फोनवर उघडायलाच नकार देत असेल तर भांडत बसू नये. जुना नंबर टेबलावरच्या टचस्क्रीन फोनच्या दुसऱ्या खाचेत ठेवावा, बँक आणि यूपीआय तिथेच राहू द्यावं, आणि बटणांच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप जोडलेलं उपकरण म्हणून चालवावं. एका खात्याला अशी चार उपकरणं जोडता येतात, मुख्य फोन मात्र चौदा दिवसांतून एकदा तरी उघडावा लागतो. या वाटेने गेल्यास कॉल जुन्या नंबरावरून बटणांच्या फोनमधल्या सिमवर वळवावे लागतात, आणि क्लायंटकडे असताना ओटीपी लागला तर कचेरीत फोन करावा लागतो. म्हणून ही वाट नाइलाजाची.

पहिल्या महिन्यात काय अडतं

पहिला आठवडा लिहिण्याचा वेग घटतो. बटणाला टचस्क्रीनपेक्षा जास्त जोर लागतो, त्यामुळे अंगठ्याच्या मुळाशी दुखतं. नखाने दाबण्याऐवजी अंगठ्याच्या पेराच्या कडेने दाबावं आणि फोन तळहातांवर खाली धरावा. ज्याचा अंगठा आधीच दुखावलेला आहे त्याने हा फोन विकत घेण्याआधी कोणाचा तरी हातात घेऊन अर्धा तास लिहून पाहावं.

रात्रीसाठी ‘व्यत्यय आणू नका’ लावताना ताऱ्यांकित संपर्कांचे कॉल आणि पुन्हा येणारे कॉल या दोन सवलती चालू ठेवाव्यात. एकाच माणसाचा दुसरा कॉल पंधरा मिनिटांच्या आत आला तर तो वाजतो. घरच्यांना हे नीट सांगून ठेवावं: तातडीचं असेल तर लगेच दुसऱ्यांदा लावा. न सांगितल्यास आई एकदा फोन करते, तुम्ही झोपला असाल म्हणून पुन्हा लावत नाही, आणि मग सकाळी सगळी व्यवस्थाच बंद करायची वेळ येते. जीमेलमध्ये ‘फक्त महत्त्वाच्या मेलची सूचना’ हा पर्याय निवडावा, नाहीतर मेलसाठी घेतलेला फोन दिवसभर मेलनेच वाजत राहतो.

क्लायंटकडे ओटीपी मागण्यासाठीचे कॉल मात्र कामाच्या नंबरावरूनच करावेत. घाईत खिशातल्या फोनवरून केला तर जुना नंबर पुन्हा त्यांच्या कॉल-यादीत वर येतो आणि पुढची बिलं परत तिथेच.

फोन अचानक बंद पडला तर सुटा भाग येईपर्यंत काही आठवडे जातात. त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप रोजचा ठेवावा, त्याचा पासवर्ड कागदावर लिहून कचेरीच्या तिजोरीत टाकावा, पडताळणी अ‍ॅपचे राखीव कोडही तिथेच. सिम काढायची पिन किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवावी. टेबलावरच्या टचस्क्रीन फोनची दुसरी सिम खाच मोकळी ठेवलेली असेल, तर सिम तिथे घालून त्याच दिवशी काम पुढे चालू होतं.